सहा मिनिटांचं गाणं

“वकीलसाहेब, तुमची ही बाई गात नाही, विव्हळते,” असं म्हणून प्राध्यापक टिपणिसांनी माझ्या ताटलीतलं कांदाभजं उचललं आणि वर मलाच विचारलं, “वहिनी, चटणी नाही का आज?”

खायचं आमचं आणि बोलायचंही आम्हालाच! माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, की तुमची जीभ मुळातच एवढी तिखट, तिला आणि चटणी कशाला? पण रविवारची सकाळ, घरात चार माणसं, आतल्या खोलीत सासूबाई. गप्प बसले. चटणी मात्र आणली नाही.

आमच्या राजारामपुरीतल्या घरी महिन्यातून एका रविवारी हा कट्टा भरायचा. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट सांगतेय. आमचे हे, म्हणजे जयसिंगराव इंगवले, जिल्हा कोर्टात वकील. दुसरे दातांचे डॉक्टर मगदूम. बँकेतले दोघं-तिघं. आणि त्या वर्षी नव्यानं आलेले हे टिपणीस. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि दोन वर्षं विलायतेत राहून आले होते, हे ते भेटल्याबरोबर सांगायचे. या सगळ्यांना वेड एकच, ब्रिटिश फोक-रॉक. म्हणजे इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतली जुनी गाणी, कापणीची, खलाशांची, फाशी गेलेल्या दरोडेखोरांची, आणि ती इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या साथीनं म्हणायची. आपल्या शाहिराचा डफ वाजला तर खिडकी लावून घेणारी ही माणसं त्या परमुलखातल्या गुराख्यांवरनं एकमेकांच्या उरावर बसायची. कुठला अल्बम श्रेष्ठ, कुठला आवडता, कुठल्या बँडनं कुठल्या साली माती खाल्ली. बायकांच्या भांडणाला नावं ठेवतात, यांची भांडणं ऐकायला हवी होती कुणी.

त्यातही वर्षातून एकदा, दसऱ्यानंतरच्या रविवारी, मोठा खटला असायचा. दोन अल्बम उभे करायचे, दोघांनी दोन बाजू लढवायच्या आणि मगदूम न्यायाधीश. जो अल्बम हरेल तो वाळीत. वर्षभर तो कट्ट्यावर लावायचा नाही, त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आणखी एक नियम होता, तो तर सोवळ्यासारखा पाळायचे. आपली रेकॉर्ड दुसऱ्याच्या सुईखाली द्यायची नाही आणि दुसऱ्याची आपल्या सुईखाली घ्यायची नाही. चरे पडतात म्हणे. ज्याला हवं त्यानं कॅसेटवर उतरवून न्यावं.

आमच्या यांचा अल्बम ठरलेला. ‘विदरबी ग्रीन’ नावाच्या बँडचा ‘हार्वेस्ट विदाउट अस’. सहा-सात वर्षं तो कधी हरला नव्हता. त्यातली बाई असं संथ, खर्जात गायची की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो बापयाच वाटला होता. मगदूम म्हणायचे, “इंगवले, हा आवाज ऐकला की मला पेशंट तपासवत नाहीत.” त्यांच्याकडची कॅसेटही आमच्याच यंत्रावरनं उतरवलेली. कट्ट्यावर सगळ्यांकडे तीच.

यांच्यासाठी मात्र ती नुसती आवड नव्हती. रेकॉर्ड भावानं पाठवलेली, एवढं मगदूमांना माहीत होतं; त्यामागचं सगळं माझ्याशिवाय आणि सासूबाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

माझे धाकटे दीर रणधीर भाऊजी अमेरिकेत शिकायला गेले, तिथंच नोकरीला लागले. या गोष्टीच्या सात-आठ वर्षं आधी, हिवाळ्यात त्यांचा ट्रंककॉल आला. लाइन अशी खरखरत होती, की बोलणारा हसतोय का रडतोय कळायची सोय नव्हती. ओरडून ओरडून बोलणं चाललेलं. मी शेजारीच उभी होते. भाऊजी म्हणाले, “दादा, रेकॉर्ड प्लेअर बोटीनं पाठवलाय. त्याच्याबरोबर एक रेकॉर्ड आहे. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ऐक. माझं सध्या अगदी तसं चाललंय.” मग म्हणाले, “घरी येऊन जाऊ म्हणतो. एक सांगायचंय, पण ते फोनवर नको.” हे म्हणाले, “आत्ता एवढा खर्च करून कशाला येतोस? पुढच्या वर्षी ये.” तेवढ्यात लाइन तुटली.

दहा-बारा दिवसांत भाऊजी गेले. बर्फ पडलेल्या रस्त्यावरनं गाडी भरधाव जाऊन तळ्यात गेली. रस्ता सरळ, समोरनं दुसरं वाहन नाही. तिकडच्या पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं. आम्हीही तेच मानलं. पण दिवसकार्य झाल्यावर मुंबईच्या बंदरातनं खोकं आलं. यांनी लक्ष्मीपुरीतनं माणूस बोलावून यंत्राला ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला, कारण तिकडचं यंत्र आपल्या विजेवर जळतं. रेकॉर्ड लावली. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं.

काय सांगू! कुणीतरी विहिरीच्या तळातनं हाका मारतंय, असं ते गाणं. शब्द त्यांच्या गावंढ्या इंग्रजीतले, यांनाही धड लागेनात. शेत कापून झालं, आता चला, एवढंच काहीतरी. आणि तो आवाज ओढत, रेंगाळत, दमून गेलेला. माझं सध्या अगदी तसं चाललंय. गाणं संपलं तेव्हा सासूबाईंनी यांच्याकडे बघितलं आणि त्या उठून आत गेल्या. त्या दिवसापासून या घरात अपघात हा शब्द कुणी काढला नाही.

सासूबाईंनी भाऊजींचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. आपल्या पायानं गेलेल्याला हार कसा घालायचा, असं एकदाच म्हणाल्या. यांच्या मनात एकच. तो घरी येतो म्हणत होता आणि मी नको म्हणालो. माणूस कोर्टात उभा राहून दुसऱ्यांचे खून पचवायचा, आणि हा न केलेला खून त्याला पचत नव्हता. म्हणून तो अल्बम. तो श्रेष्ठ ठरलाच पाहिजे, माझ्या भावाच्या दुःखाला कुणी दुसरा नंबर देता कामा नये, असा तो हट्ट होता. एकदा जेवताना मला तसं बोलूनही दाखवलं होतं त्यांनी.

आणि आता हे टिपणीस भजी खात म्हणत होते, विव्हळते.

त्या वर्षीच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं ‘टॅलो अँड टिन’ नावाच्या बँडचा ‘अ फिडल फॉर द हँगमन’ उभा होता. त्याची कॅसेट आधी वाजवली. धडधड, ठणठण, फिडल म्हणजे त्यांच्या व्हायोलिनची किरकिर, आणि एक म्हातारा भसाड्या आवाजात फाशीची गंमत सांगतोय. टिपणीस मान डोलवत होते.

मग हे उठले. कोर्टातल्यासारखा एक हात पाठीमागे. “न्यायाधीशमहाराज, टिपणीस सरांच्या अल्बमात सगळं आहे. फिडल आहे, ड्रम आहे, जल्लादसुद्धा आहे. फक्त माणूस नाही. ‘हार्वेस्ट’मध्ये पहिल्या ओळीला माणूस भेटतो.”

“भेटतो, पण आजारी,” टिपणीस म्हणाले. सगळे हसले. “वकीलसाहेब, आवडणं वेगळं आणि श्रेष्ठ असणं वेगळं. आईच्या हातची भाकरी सगळ्यांना आवडते, म्हणून काय तिला सुवर्णपदक द्यायचं?”

“का देऊ नये? पदक देणारे तुमच्यासारखे असतात म्हणून?”

“तुम्हाला तो अल्बम आवडतो, कारण तो तुमच्या भावानं दिला. मगदूमांनी सांगितलं मला. भावाची आठवण म्हणून मतं मागायची असतील तर तसं स्पष्ट मागा. आम्ही देऊ. पण संगीताचं नाव घेऊ नका.”

मगदूम खाली मान घालून बसले. यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. “माझ्या भावाचं नाव तुम्ही काढायचं नाही,” हे म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणूनच मी घाबरले.

“नाही काढत. यंत्राबद्दल बोलू. यंत्राबद्दल बोललं तर चालेल ना?” असं म्हणून टिपणीस बाहेर व्हरांड्यात गेले आणि चादरीत गुंडाळलेलं आपलं रेकॉर्डचं यंत्र घेऊन आले. आल्या आल्या ते तिथं ठेवून दिलं होतं, मला वाटलेलं इस्त्रीचे कपडे असतील. म्हणजे बघा, माणूस घरनंच तयारी करून आलेला. काखेत रेकॉर्ड. कव्हर मी लांबूनही ओळखलं. तीच, ‘हार्वेस्ट विदाउट अस’.

“मी विलायतेत घेतलेली प्रत. माझी रेकॉर्ड, माझी सुई. नियम कुठं मोडत नाही.” त्यांनी ते टेबलावर मांडलं. “मगदूम, कव्हरवर वाचा. पहिलं गाणं किती मिनिटांचं आहे?”

मगदूमांनी चष्मा सारखा केला. “पाच मिनिटं.”

“आता वकीलसाहेब, तुमच्या यंत्रावर तुमची रेकॉर्ड लावा. भिंतीवरच्या घड्याळात बघू.”

“कशासाठी?”

“साक्षीदार तपासायचाय. का घाबरलात?”

वकिलाला घाबरलात म्हटल्यावर तो थांबतो होय? यांनी रेकॉर्ड लावली. ट्रान्सफॉर्मर घूं करू लागला, बाई गायला लागली. सगळे माना वर करून घड्याळाकडे बघत बसले. असलं गाणं ऐकणं मी जन्मात बघितलं नव्हतं. पाच मिनिटं झाली तरी बाई आपली गातच होती. थांबली तेव्हा सहा मिनिटं भरलेली.

“सहा मिनिटं!” टिपणीस टाळी वाजवून म्हणाले. “कव्हरवर पाच, इंगवल्यांच्या घरी सहा. एक मिनिट कुठनं आलं?”

“छापणाऱ्यानं चूक केली असेल,” हे म्हणाले.

“प्रत्येक गाण्याला? मगदूमांच्या कॅसेटवर मी सगळी मोजलीत. मग फिजिक्सच्या आमच्या सहकाऱ्याला विचारलं. तो पोट धरून हसला. अहो, अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मरनं दाब उतरतो, हेलकावे बदलत नाहीत. तुमच्या यंत्राची मोटर त्या हेलकाव्यांवर चालते. ती इथं हळू फिरणार, रेकॉर्ड हळू फिरणार, आणि बिचाऱ्या बाईचा आवाज खाली घसरणार. तुमची बाई रडत नाही, वकीलसाहेब. तुमचं यंत्र रडतंय! इतकी वर्षं तुम्ही सगळे मिळून एका ट्रान्सफॉर्मरच्या प्रेमात पडला होता!”

बँकेतला एकजण फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की हसू त्याच्या तोंडातच राहिलं.

“तुमचंच यंत्र पळत नाही कशावरनं?” यांनी विचारलं. पण त्या विचारण्यात नेहमीचा वकील नव्हता.

“घड्याळ आहे की. ऐका आणि मोजा.” टिपणिसांनी सुई ठेवली.

आणि खोलीत ती बाई नाचत आली. मी दुसरं काय म्हणू? तेच गाणं, तीच चाल, पण आवाज कोवळा, खणखणीत, विशी-बाविशीच्या पोरीचा. मागं ड्रम घोड्यासारखे दुडकत होते. फिडल तर अशी चेकाळलेली, की बसल्या जागी पाय हलावा. शब्दसुद्धा पहिल्यांदाच लागले मला, बीए इंग्रजीला पडलेल्या बाईला. शेत कापून झालं, आता चला, उरलेलं देव बघून घेईल, तो तिकडं दिवा लावून माझी वाट बघतोय, चला. लगीनघाईतली पोर होती ती! कामावरनं पळून प्रियकराकडे निघालेली. गाणं संपलं तेव्हा घड्याळात बरोबर पाच मिनिटं झाली होती.

टिपणीस आता कोर्टात उभे असल्यासारखे बोलू लागले. “न्यायाधीशमहाराज, ज्या अल्बमवर वकीलसाहेबांनी इतकी वर्षं खटले जिंकले, तो अल्बम अस्तित्वातच नाही. जो आहे तो हा. गोड आहे, हलकाफुलका आहे, जत्रेत वाजवावा असा आहे. श्रेष्ठ वगैरे काही नाही. वाळीत टाका.”

मी यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, हे आता उठतात आणि त्या माणसाच्या थोबाडीत देतात. खरं सांगते, द्यावी असं मलाच वाटत होतं. पण हे खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसले होते, आणि नजर त्या फिरणाऱ्या रेकॉर्डवर.

“टिपणीस,” ते म्हणाले, “अमेरिकेत हे कसं वाजलं असतं?”

“म्हणजे?”

“माझंच यंत्र. खोक्यात घालायच्या आधी तिकडं वाजवलं असेल, तर कसं वाजलं असेल?”

“असंच. तिकडच्या विजेवर ते बिनचूक फिरणार. इंग्लंडातही असंच, अमेरिकेतही असंच. जगात फक्त तुमच्या घरात ती बाई रडते.”

“नक्की?”

“स्टँपपेपरवर लिहून देऊ?”

“पुन्हा लावा.”

“आता काय अपील करताय का? अहो, हरलात तुम्ही.”

“हरलो. कबूल. पुन्हा लावा.”

टिपणिसांना काही कळेना. हरलेला माणूस चिडावा, भांडावा, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांनी नाइलाजानं सुई ठेवली. ती पोर पुन्हा पळत सुटली, आणि आमचे हे खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं ते पुसायचं भान नव्हतं. मला म्हणाले, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “विजू, तो मजेत होता गं. असं चाललं होतं त्याचं. असं!”

मला भाऊजींचा तो ट्रंककॉल आठवला. घरी येऊन सांगतो, फोनवर नको. कसली गोष्ट माणूस फोनवर सांगत नाही? आणि आम्ही इतकी वर्षं तिचं काय करून बसलो होतो!

“म्हणजे निकाल काय धरायचा?” टिपणिसांनी विचारलं. “वाळीत ना?”

“तुम्ही आता गप बसा,” मी म्हणाले, “नाहीतर तुम्हाला मी जन्मभरासाठी वाळीत टाकीन, आणि भजी पोटातनं काढून घेईन.”

नंतर मगदूम मला म्हणाले होते, की वहिनी, काही म्हणा, टिपणिसांनी तुमच्यावर उपकारच केले. मी म्हटलं, डॉक्टर, उपकार करायला नव्हते आले ते. माझ्या नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायला आले होते, मेलेल्या भावावरनं टोचायला आले होते. वार करताना गळू फुटलं म्हणून वार करणाऱ्याला कुणी वैद्य म्हणत नाही. तो माणूस मला तेव्हा आवडला नाही, आजही आवडत नाही. त्यानंतर आमच्या घरचा कट्टा मोडला, तेही बरंच झालं.

पण त्या दिवशी मी टिपणिसांना दटावत होते तेव्हा पडदा हलला आणि सासूबाई दारात आल्या. इतक्या वर्षांत कट्टा असताना त्या कधी बाहेर आल्या नव्हत्या. सगळे उठून उभे राहिले. गाणं चालूच होतं.

“जयसिंग, हे कुठलं गाणं?”

“तेच आईसाहेब. रणधीरचं.”

“ते न्हवं. ते मला ठावं हाय.”

“तेच आहे. आपलं यंत्र इकडच्या विजेवर मंद फिरतं. म्हणून ते रडकं वाजायचं. त्यानं पाठवलं तेव्हा ते असं होतं. त्यानं हे असं ऐकलेलं.”

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण कापणीचं गाणं, लग्नाचं गाणं, हे बाईला शब्दावाचून कळतं. शेवटचा ठोका पडेपर्यंत त्यांनी ऐकलं.

“पोरगी बघितली हुती त्यानं,” त्या म्हणाल्या. “तेच सांगाया यायचं हुतं त्याला.”

“असेल, आईसाहेब.”

“आसंल काय? हुतीच. आनि त्या दिशी तिच्याकडंच निगाला आसनार. बर्फातनं.”

मी त्यांना धरायला पुढं झाले, मला वाटलं आता या कोसळतात. त्यांनी माझा हात झटकला. चेहरा लालबुंद झाला, मान ताठ झाली, आणि भाऊजी लहानपणी पेरूच्या झाडावरनं पडले असतील तेव्हा जशा गरजल्या असतील तशा त्या भर खोलीत, परक्या माणसांसमोर, गरजल्या.

“मुडद्या! कुनी सांगितलं हुतं रं तुला एवढी जोरात गाडी हानायला? ती काय पळून चालली हुती व्हय?”